राजकन्या पारावर, सखी पाराखाली

शांता पारावर होती आणि मी पाराखाली.

साप एकच होता. तो दोघींना चावला, तिला मनगटावर आणि मला कोपराखाली. पण मारुतीचा पार गावाचा होता आणि गावात आम्ही मोजले जात नव्हतो. शांता पाटलाची पोर, म्हणून तिला पारावर निंबाच्या पाल्याची गादी मिळाली. मी पाटलाच्या सालदाराची, वर्षाच्या गड्याची, म्हणून मला खाली धूळ मिळाली. आम्ही बौद्ध होऊन काही वर्षं झाली होती, तरी पोरीला साप चावल्याबरोबर माझी माय मारुतीकडेच पळत सुटली. घाबरल्यावर माणसाला नवं काही सुचत नाही.

साप उतरवणारे महाराज वर शांताजवळ बसले होते. मायने खालून हात जोडले, "महाराज, माह्या कौसीलेबी पाहा ना जी."

"तिले तिथंच राहू दे," महाराज म्हणाले. "मी इथूनच मंत्र टाकतो. पोचते."

मंत्राला विटाळ चालत नव्हता, अंतर मात्र चालत होतं.

त्यांनी शांताला निंबाचा पाला चावायला दिला. "कसा लागते वं?" शांता म्हणाली, "कडू." झालं. कडू लागला म्हणजे विष चढलं नाही, असं आमच्याकडे ठरलेलं. पारावरच्या बायांनी हुश्श केलं. मला कोणी पाला दिला नाही, त्यामुळे माझ्या अंगात विष आहे की नाही हे गावाला कळायचं राहूनच गेलं.

तेवढ्यात गजभिये बाई आल्या. आमच्या शाळेवरच्या बाई. वर्ग सोडून आल्या होत्या आणि मागून अख्खा वर्गही आला होता. हातात नेहमीची काळी छत्री. त्यांनी आधी माझं तोंड पाहिलं, मग छत्री मायच्या हातात दिली आणि चपला न काढता सरळ पारावर चढल्या. आमच्यातलं माणूस त्या पारावर चढलेलं गावाने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. बाईंनी शांताचं तोंड दोन्ही हातांत धरलं.

"पाटील, हिच्या पापण्या पडून राह्यल्या. विष चढलं आहे. सडकेवर कापसाचा ट्रक थांबवून आली मी. दोघींलेबी यवतमाळले नेते. उचला पोरीले."

"बाई, पहिले खाली उतरा!" गर्दीतून कोणी ओरडलं.

पाटील ओरडला नाही. काही झालं तरी बाप होता. त्याने पोरीच्या पापण्यांकडे पाहिलं आणि त्याचा एक पाय पाराखाली आला. तो मी पाहिला. माझे डोळे अर्धे मिटले होते, पण पाय माझ्या समोरच आला होता.

महाराजांना गिऱ्हाईक जाताना दिसलं. त्यांनी पिशवीतून एक काळा, गुळगुळीत खडा काढला. "थांबा पाटील. हा नागाचा मणी हाये. सारं इख शोषून घेते. दवाखान्याचं काम नाई."

बाईंचा हात उठला आणि पाराच्या दगडावर फट्‌कन आपटला. मागे उभा असलेला सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "खोटं!"

ती आमची शाळेतली सवय होती. बाईंनी हात आपटला की पोरांनी खोटं म्हणायचं. मीही म्हणाले असते, पण जीभ जड झाली होती.

गर्दीत कोणीतरी फिस्‌कन हसलं. पाटलाचा पाय वर गेला.

"माही पोरगी मराले टेकली आन् तुमचे पोट्टे मजाक करतेत? उतरा खाली!"

बाई हात जोडायला लागल्या, पण आता त्यांच्याकडे कोणी पाहत नव्हतं. त्या उतरल्या, मला खांद्यावर टाकलं आणि सडकेकडे पळाल्या. माय छत्री घेऊन मागे. आम्हाला कोणी अडवलं नाही. शिवाशिवीने तुमच्या घराण्याला काय दिलं असं कोणी विचारलं, तर एवढं एक मला सांगता येतं.

गजभिये बाई तेव्हा अगदी तरुण होत्या. अंगाने काडी. कळंबच्या अलीकडच्या आमच्या गावात नोकरीवर आल्या तेव्हा गावाला वाटलं, ही पोरगी महिनाभर टिकणार नाही. गावाला बऱ्याच गोष्टी वाटत. नवरा यवतमाळला पोस्टात होता, बाई आमच्या वस्तीत एक खोली घेऊन राहायच्या. पांढरं पातळ, निळे काठ, कपाळ मोकळं आणि हातात छत्री. छत्रीने त्या नकाशावरच्या नद्या दाखवायच्या, म्हशी हाकायच्या आणि पोरांच्या हनुवट्या वर करून दात घासलेत का ते पाहायच्या. पावसात मात्र ती उघडत नव्हती. काड्या मोडल्या होत्या.

त्यांचं एक बोलणं ठरलेलं होतं, "बरं मग?" जगातल्या कोणत्याही बातमीला त्यांचं हेच उत्तर. पोरगं सांगायचं, "बाई, नाल्यावरच्या चिचेवर भूत हाये." बाई म्हणायच्या, "बरं मग? काय म्हणते?" भुताने आजवर काही म्हटलं नव्हतं आणि त्याला कोणी काही विचारलंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी बाईंनी वर्ग त्या चिंचेखाली भरवला. त्या आठवड्यात आम्ही तिथेच पाढे म्हटले, तिथेच भाकरी खाल्ली, आणि मुलांनी झाडाच्या सगळ्या चिंचा पाडल्या. भूत आलं नाही. मग गावातल्या जाणत्यांनी सांगितलं की ते पलीकडच्या गावाच्या चिंचेवर गेलं. म्हणजे बाईंच्या आधी त्याचीच बदली झाली.

वर्गात त्यांनी सगळ्यांना मिसळून बसवलं. माझ्या शेजारी शांता. पाटलीणबाई तक्रार घेऊन आल्या, "आमची पोरगी हिच्याजोळ बसते म्हणे." बाई म्हणाल्या, "बरं मग? तिले जागा पुरत नाही काय?" शांता माझ्याजवळच बसत राहिली. ती स्वभावाने वाईट नव्हती. फक्त कोणत्याही खेळात राज्य आपलंच असतं अशी तिची समजूत होती, आणि घरची परिस्थिती पाहता ती चूकही नव्हती.

शनिवारी सकाळची शाळा असायची. शेवटच्या तासाला बाई एक पुस्तक काढायच्या. त्याचं वरचं कव्हर गेलेलं होतं, म्हणून नाव कोणाला माहीत नव्हतं. आम्ही त्याला मण्याचं पुस्तक म्हणायचो. बाईंना ते लहानपणी शाळेत बक्षीस मिळालं होतं. त्यात एक राजकन्या, तिची सखी, एक उडता घोडा आणि जमिनीखालचं नागाचं राज्य होतं. भुताला झाडावरून हाकलणारी बाई असलं पुस्तक कशाला वाचते, हे आज कोणालाही विचारावंसं वाटेल. बाईंनी त्याची सोय केली होती. वाचताना काही अशक्य आलं, म्हणजे घोड्याला पंख फुटले, साप बोलायला लागला, की त्या टेबलावर हात आपटायच्या. आम्ही सगळे बेंबीच्या देठापासून ओरडायचो, "खोटं!"

"बरं मग? पुढं वाचू काय?"

"वाचा!"

हे 'वाचा' त्या 'खोटं'पेक्षाही मोठ्याने असायचं.

"गोष्ट मन लावून ऐकायची," बाई सांगायच्या. "घोडा उडते तर उडू द्यायचा. पण आपल्याले बाजाराले जायचं असलं तर बंडीच जुंपायची."

एकदा शाळा तपासायला साहेब आले. टेबलावर पुस्तक दिसलं. "हे अभ्यासात आहे काय?"

"नाही."

"यात घोडा उडतो म्हणे. मुलांना तुम्ही हे खरं म्हणून शिकवता?"

बाईंना राग आला आणि त्यांचा हात टेबलावर आपटला. आम्ही सगळे साहेबांकडे पाहून ओरडलो, "खोटं!"

साहेबांचं तोंड पाहण्यासारखं झालं. आमचा तसा काही विचार नव्हता. हात आपटला की आमच्या तोंडून ते निघायचंच, समोर साहेब असो की घोडा. बाई त्या दिवशी खूप हसल्या. तेव्हाच सावध व्हायला हवं होतं असं आता म्हणता येतं. आता काय, काहीही म्हणता येतं.

त्या हिवाळ्यात गोष्ट रंगात आली होती. राजकन्या आणि सखी नागाच्या बागेत शिरल्या आणि नाग दोघींना डसला. दोघी पानांवर पडल्या आहेत आणि राजपुत्र घोड्यावरून मणी आणायला निघाला आहे, इथे बाईंनी पुस्तक मिटलं. "बाकीचं पुढच्या शनिवारी."

मधल्या दिवसांत आम्ही दुसरं काय खेळणार? पाटलाच्या मागच्या कोठ्यात वेचणीचा कापूस छतापर्यंत भरला होता. माय तिथे कामाला होती, म्हणून मला कोठ्यात जाता यायचं. कापसाला विटाळ होत नव्हता, वेचायला आम्हीच होतो ना. त्या दिवशी दुपारच्या सुट्टीत आम्ही दोघी तिथे गेलो. शांता राजकन्या झाली. मी सखी. ती पाटलाची पोर असताना मी राजकन्या झाले असते तर माझ्या बापाला काम सोडावं लागलं असतं. आम्ही कापसात हातांनी भुयार कोरलं आणि शांता नागाच्या राज्यात शिरली. आतून ओरडली. सखीचं काम काय तर राजकन्येला बाहेर काढणं. मी आत गेले. नाग होताच. तो उंदरासाठी आला होता, त्याला गोष्टीशी काही कर्तव्य नव्हतं.

पुढचं पारावरचं सांगून झालं आहे.

ट्रक दारव्ह्याच्या हबीबभाईंचा होता. कापसाने गच्च भरलेला. म्हणजे कापसात साप चावला आणि कापसाच्याच गाडीतून मी दवाखान्यात गेले. त्या सालात कापसाने माझा पिच्छाच पुरवला. बाईंनी मला पुढे मांडीवर घेतलं. हबीबभाई पोंगा वाजवत म्हणाले, "बाई, बच्ची को सोने मत देना."

बाई मला गदागदा हलवत विचारत होत्या, "कौसे, घोड्याचा रंग कोणता?"

"निळा."

"राजकन्येची ओढणी?"

"हिरवी."

"आन् सखीचं नाव काय होतं?"

मी जड जिभेने म्हणाले, "नाव नाही दिलं, बाई, पुस्तकात."

"बरं मग? तू दे. दे ना. झोपतेस काय?"

मी काहीतरी नाव दिलं. आता आठवत नाही. यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात सुया टोचल्या, नळ्या लावल्या. मायला आत येऊ देत नव्हते, म्हणून ती दारात बसून राहिली. मी डोळे उघडले तेव्हा बाई समोर होत्या आणि त्यांचं पातळ मळलेलं होतं. मी विचारलं, "शांता?" त्यांनी 'बरं मग' म्हटलं नाही.

मी शाळेत परत गेले त्या शनिवारी बाईंनी पुस्तक काढलं. माझ्या शेजारची जागा रिकामी होती. बाईंनी पान उघडलं. दोघी पानांवर पडल्या होत्या, मणी यायचा होता. आम्ही वाट पाहत होतो. बाईंनी हात उचलला आणि त्याच्याकडे असं पाहिलं की जणू तो दुसऱ्या कोणाचा आहे. मग पुस्तक मिटलं आणि फळ्यावर भागाकार लिहिला. ते पुस्तक पुन्हा निघालं नाही.

गावाने आपलं काम केलं. वर तक्रारीचा अर्ज केला आणि त्यात लिहिलं की बाई देवाला खोटं म्हणायला शिकवतात. साप चावलेली पोर दवाखान्यात नेऊन वाचवली, हे त्यात लिहायचं कोणाला आठवलं नाही. बाईंची बदली मारेगावकडे झाली. महाराजांची बदली झाली नाही. ते पुढे खूप वर्षं मंत्र टाकत राहिले आणि म्हातारपणाने, खाटेवर, मुलाबाळांत मेले. साप त्यांच्या वाटेला कधी गेले नाहीत. व्यवसायाचा मान राखला असेल.

मी चौथी झाल्यावर शाळा सोडली आणि कामाला लागले. पुढे लग्न दारव्ह्याकडे झालं. बाई अधूनमधून भेटायच्या, कधी कळंबच्या स्टँडवर, कधी बाजारात. दुसरी माणसं भेटली की विचारतात, मुलं किती, नवरा काय करतो. बाई तसलं काही विचारायच्या नाहीत. छत्रीच्या टोकाने माझी हनुवटी वर करायच्या आणि माझ्या पापण्या पाहायच्या.

"डोळे उघड नीट."

"उघडेच आहेत, बाई."

"बरं मग," म्हणायच्या आणि एसटीत चढायच्या. मला नातवंडं झाल्यावरही हेच. लोक पाहायचे. चांगली पिकलेली बाई आणि तिची दुसरी एक म्हातारी तपासणी करून राह्यली.

आता पुस्तकाचं. माझी नात प्रज्ञा यवतमाळला कॉलेजात आहे. तिला ही गोष्ट मी कधीतरी सांगितली होती. परवा ती रद्दीवाल्याकडून एक पुस्तक घेऊन आली. "आजी, निळा घोडा, नागाचं राज्य आन् मणी. हेच काय गं?" हेच होतं. याला कव्हरसुद्धा होतं. त्यावरची राजकन्या इतकी पिवळट गोरी होती की तिला कावीळ नसेल तर अंगात रक्त तरी नसावं.

मी चौथी शिकलेली. बोट ठेवून वाचते. पण सगळं वाचलं. लहानपणी ज्या गोष्टीसाठी मी आठवडाभर जीव टांगून ठेवायची ती गोष्ट मी म्हातारपणी अंगणात बसून, चष्मा लावून वाचली, आणि सांगते, पुस्तक अगदी भिकार आहे. राजवाड्याला मोत्यांच्या पायऱ्या आहेत, झाडायला बाई एकही नाही. राणी एक अख्खा धडा रडते आणि त्यात तिला कोणी पाणी विचारत नाही. राजकन्येचे केस घोट्यापर्यंत आहेत, त्यात उवा नाहीत. निळा घोडा एका उडीत समुद्र ओलांडतो, पण जिथे लेखकाला राजपुत्राची कोणाशी गाठ घालायची असते तिथे तो बरोबर दमतो. राजपुत्राला तर शेवटपर्यंत काही कळत नाही, त्याला सगळं साधू, पोपट नाहीतर म्हातारी सांगते. एवढी मदत मिळाली असती तर माझ्या नवऱ्यानेही राज्य मिळवलं असतं.

आम्हाला हे आवडत होतं? मी दोनदा वाचून पाहिलं. आम्हाला बहुतेक ओरडणं आवडत होतं. बाई वाचायच्या आणि आम्ही ओरडायचो, एरवी आमच्यासारख्यांना मोठ्याने काही बोलायला कोण देत होतं? आणि ज्याला खोटं म्हटलं, ते तसं म्हटल्यावरही पुढे ऐकायला मिळायचं. मंदिरात असं नव्हतं.

पण मी वाचलं ते शेवटासाठी. पन्नास-साठ वर्षं त्या दोघी माझ्यासाठी पानांवर पडून होत्या. राजपुत्र मणी घेऊन येतो. राजकन्येच्या कपाळावर ठेवतो. ती झोपेतून उठल्यासारखी उठते आणि म्हणते, मी कुठे आहे. लगेच लग्न. हत्ती, घोडे, वाजंत्री, जेवणात काय काय होतं ते दोन पानं. मी पुढे पाहिलं, मागे पाहिलं. सखीला मणी लावला असं कुठेच नव्हतं. मेली असंही नव्हतं. लेखक तिला पानांवर ठेवून लग्नाला निघून गेला.

मी प्रज्ञाला म्हटलं, "मले गजभिये बाईंकडे घेऊन चाल."

"आजी, त्या आहेत अजून?"

"आहेत. गेल्या असत्या तर त्यांनीच कळवलं असतं."

बाई यवतमाळला मुलाकडे असतात. ऐंशीच्या पुढे गेल्या. साखरेने पाय खाल्ला आहे, एका पायाला पट्टी. खिडकीजवळ लाकडी खुर्चीत बसल्या होत्या आणि छत्री खुर्चीच्या पाठीला अडकवलेली होती. घराबाहेर जात नाहीत, तरी. डोळ्यांचं ऑपरेशन झालं आहे, पण फारसं दिसत नाही. मी जवळ गेले तर त्यांनी हाताने माझी हनुवटी चाचपली, मला खाली ओढलं आणि अंगठ्याने माझ्या पापण्या वर करून पाहिल्या.

"कौसी."

"हो बाई."

"बरं मग?"

"मण्याचं पुस्तक आणलं. वाचू?"

"वाच. तुले येते काय अजून?"

मी तिथूनच वाचायला घेतलं जिथे त्या शनिवारी बंद झालं होतं. सावकाश वाचलं, बोट ठेवून. राजपुत्र आला, मणी काढला. मी थांबले. बाईंचा हात खुर्चीच्या दांड्यावर होता. तो हलला नाही. प्रज्ञा हळूच म्हणाली, "बाई, इथं खोटं म्हणायचं ना?"

"कायले?" बाई म्हणाल्या. "या वयात मणी भेटला तर मी नाही म्हणणार नाही. हा पाय पाहिला काय?"

मी पुढे वाचलं. राजकन्या उठली. वाजंत्री सुरू झाली. बाईंनी मला थांबवलं.

"आन् सखी?"

"नाही, बाई. शेवटपर्यंत नाही. मी पाहिलं."

"मले माहीत आहे," त्या म्हणाल्या. "लहानपणी वाचलं तेव्हाच रडली होती मी. त्या शनिवारी मी माह्या मनानं वाचणार होती. मणी पहिले सखीले लावणार होती. तुम्हाले काय समजलं असतं?"

काही नसतं समजलं. आम्ही 'खोटं' ओरडलो असतो आणि 'वाचा' म्हटलं असतं.

बाई खिडकीकडे पाहत होत्या. तिथे काही नव्हतं, शेजाऱ्याच्या गच्चीवरची पाण्याची टाकी होती.

"कौसे, तू खाली होतीस. तुले दिसलं असन. मी हात आपटला नसता तर पाटलानं पोरगी देल्ली असती काय?"

इतक्या वर्षांत त्यांनी हे मला विचारलं नव्हतं. स्टँडवर नाही, बाजारात नाही. माझ्या पापण्यांत त्या काय शोधायच्या ते मला तेव्हा कळलं, किंवा आधीच कळलं होतं आणि मी बघत नव्हते. मी लगेच उत्तर दिलं. असल्या वेळी लगेच द्यावं लागतं.

"नसती देली, बाई. तुम्ही आमच्यातल्या. पाटलानं तुमच्या हातात पोरगी देलीच नसती. हात आपटा नाहीतर पाया पडा. त्याचं ठरलेलं होतं."

बाईंनी मान माझ्याकडे वळवली. त्यांना माझं तोंड दिसत नव्हतं. त्यांनी हात उचलला आणि खुर्चीच्या दांड्यावर फट्‌कन आपटला.

प्रज्ञा दचकली. मी दचकले नाही. मला माहीत होतं आता कोणी काय म्हणायचं असतं. वर्गात आता मी एकटीच होते. मी पाटलाचा तो पाय पाहिला होता, पाराखाली आलेला, जोडा धुळीत टेकलेला.

"खोटं," मी म्हणाले.

"बरं मग," बाई म्हणाल्या. "पुढं वाच."

मी लग्नाची दोन पानं वाचली. जेवणात काय काय होतं तेही वाचलं. बाई मान हलवत ऐकत होत्या. निघताना मी दारातून वळून पाहिलं, तर त्या छत्री मांडीवर घेऊन तिच्या मोडक्या काड्या बोटांनी चाचपत होत्या, नीट बसतात का ते पाहत.

साप दोघींना चावला होता. शांता त्याच दिवशी गेली. मी जगले.